भाऊंचं खातं

डोळ्यांत थेंब घालून नर्सने शिवणकाम करणाऱ्या आजींना बाकावर बसवलं आणि डोळे मिटून ठेवायला सांगितलं. मिटल्या पापण्यांआड सगळं पिवळसर तरंगत होतं. शेजारी एक मुलगी आणि तिचे साहेब बोलत होते.

“ग्रंथालयाच्या प्रोग्रामचं झालं का गं?”

“झालं, सर. आपल्या भाऊंनी तो लिहिताना घाईत कोडमध्ये स्वतःचंच नाव आणि पासवर्ड घातला होता. त्यामुळे कुणीही काही केलं, तरी डेटाबेसला वाटायचं, भाऊच आलेत.”

“आणि भाऊंना सगळीच मुभा!”

“हो ना. परवा कुणाच्या तरी हातून अर्ध्या नोंदी पुसल्या गेल्या. पुसणारा कोण, तर भाऊ! माणूस जाऊन वर्ष झालं, तरी खापर त्यांच्याच माथी.”

“मग आता?”

“प्रोग्रामला वेगळं खातं दिलंय. लागेल तेवढीच परवानगी.”

“आणि भाऊंचं बंद केलंस ना?”

“लिहायचं काढलं. पुसायचं काढलं.”

“अगं, बंदच करायचं ठरलं होतं.”

“बघायचं तेवढं ठेवलंय, सर. सगळ्यांच्या आधी येऊन बघायचे ना ते, रात्रीतून सगळं नीट आहे ना म्हणून.”

“आता कोण येणारे बघायला?”

“कुणी नाही. पासवर्डसुद्धा असा बदललाय, की मलाच आठवत नाही.”



“बरं. आजच्या दिवस राहू दे.”

“आजी, झालं हं,” नर्स म्हणाली. “उघडा डोळे.”

आजींनी ते आणखी घट्ट मिटले; पापण्यांआड कुणीतरी सगळ्यांच्या आधी येऊन, सगळं नीट आहे ना, ते बघत होतं.