मदत चिमणीला, पथ्य मला

...आणि वर मलाच म्हणतात, बाई, तुम्ही जरा कमी बोला! मी? मी जास्त बोलते? तुम्हाला सांगते, बालवर्ग शिकवण्यात निम्मं आयुष्य गेलं माझं, पण उगाच लांबण लावायची सवय नाही मला. थोडक्यात सांगते हं, मग तुम्हीच ठरवा.

आमच्या वर्गात एक चार वर्षांची मुलगी आहे. घरी तिला चिमणी म्हणतात. आता चिमणीनं चिवचिव करावी की नाही? ही तोंड उघडायची ती फक्त खाऊसाठी. कळतं सगळं. बाईंची चप्पल आण म्हटलं की चप्पल हजर, तीही नेमकी माझीच. पण शब्द म्हणून फुटेल तर शपथ. तहान लागली की माझं बोट धरून नळाकडे नेणार. आणि पुढच्या वर्षी मोठी शाळा... तिथे ढीगभर पोरांत हिला कोण बोट देणार? माझा जीव नुसता खालीवर.

तर दवाखान्याच्या मागे ते मदत केंद्र आहे ना, लहान मुलांचं काही अडलं की वेळेत हात देणारं, तिथे मी नाव कळवू शकते. पण अट एकच, आधी घरच्यांचा होकार हवा. आईनं स्वतः हो म्हटल्याशिवाय आम्ही पुढे सरकायचं नाही. म्हटलं, त्यात काय? समजावणं म्हणजे आपला हातखंडा.

गेले. आई शिवणयंत्रावर, मांडीवर कुणाच्या तरी पडद्यांचा ढिगारा. आजी दाराशी बटणं निवडत होती, आणि चिमणी यंत्राखाली चिंध्यांत. मी आपलं थोडक्यात सुरू केलं. केंद्र कसं, तिथल्या ताई कशा, माझ्या मावसबहिणीचा मुलगा लहानपणी कसा अडखळायचा आणि आता विमा विकतो तर लोक त्याला बघून दारं कशी लावून घेतात... तर आजी मध्येच म्हणते, ‘‘अहो बाई, हिचा बाप तरी कुठे बोलायचा? अजून नाही बोलत. काय अडलंय त्याचं?’’ आई म्हणाली, ‘‘बघू.’’ आता ‘बघू’चा अर्थ तुम्हाला सांगायला नको. तरी सांगते, ‘बघू’ म्हणजे नाही.

पुन्हा गेले, पुन्हा ‘बघू’. तिसऱ्या खेपेला आजीनं मला दारात बघितलं आणि बिस्किटांचा डबाच पुढ्यात ठेवला. केवढा तो पाहुणचार! बोलता बोलता घास घेतला आणि चुरा गेला घशात. असा ठसका लागला म्हणून सांगू, डोळ्यांत पाणी, आवाज बंद, आजी पाठीत धपाटे घालतेय. आणि तेवढ्यात यंत्र थांबलं.

आई म्हणाली, ‘‘बाई, तिथे नाव गेलं की लोक म्हणतील, आईला पोर सांभाळता येत नाही. दिवसभर माझी ही खडखड. त्यात ती काही बोललीही असेल, मलाच ऐकू गेलं नसेल. माझंच चुकलं का हो?’’

मला इतकं म्हणायचं होतं, पण घसा धरलेला. नुसता तिचा हात धरला आणि मान हलवली, नाही गं, नाही. फार वाईट वाटलं मला. एवढं मनात घेऊन बसली होती बिचारी, आणि मी तिला मावसबहिणीचा मुलगा ऐकवत होते. डोळे पुसले तिनं आणि म्हणाली, ‘‘कळवा नाव.’’ बघा, शेवटी माझं समजावणंच कामाला आलं की नाही?

मग केंद्रातल्या ताई आल्या. चिमणीचे कान तपासून घेतले, कान ठणठणीत. त्या घरी जाऊन बसल्या, वर्गातही येऊन बसल्या. मी शेजारी बसून माहिती पुरवत होते, थोडक्यात. शेवटी म्हणाल्या, ‘‘आईचं काही चुकलेलं नाही. काही मुलांना शब्द जुळवायला वेळ लागतो, आपण हळूहळू शिकवू. घरी सांगितलंय, तिला विचारायचं आणि मग थांबायचं. तिच्याकडे बघत गप्प बसायचं, ती काही म्हणेपर्यंत. आणि बाई, तुम्ही...’’

‘‘हो हो, सांगा ना, या पोरीसाठी मी वाटेल ते करीन, परवाच मी...’’

‘‘तुम्ही जरा कमी बोला.’’

घ्या! रोग रेड्याला आणि औषध पखालीला. पण पाळलं हो पथ्य. रोज विचारायचं, ‘‘चिमणे, लाल ठोकळा हवा की निळा?’’ आणि गप्प. ती माझ्याकडे बघतेय, मी तिच्याकडे बघतेय, आणि पोटात शब्दांची ही गर्दी. रोज ती मुकाट्यानं ठोकळ्यावर बोट ठेवायची आणि मी घरी जाऊन आमच्या ह्यांच्यावर सगळी थकबाकी काढायची.

परवा आई तिला न्यायला आली. तिला मी सांगत होते, की मी पथ्य कसं काटेकोर पाळते, गप्प बसणं हे ऐऱ्यागैऱ्याचं काम कसं नाही, माझ्या मावसबहिणीला तर ते कसं जन्मात जमायचं नाही... चिमणी आपली दप्तर पाठीला लावून उभी. मी श्वास घ्यायला थांबले आणि खालून आवाज आला, एवढासा, पण स्वच्छ.

‘‘झालं?’’

आईनं दप्तरासकट उचललं तिला. हसत होती की रडत होती, देव जाणे. मी तर रडलेच. पोरीचा पहिला शब्द, आणि तो माझ्यासाठी! काय काय बोलायचं होतं मला. पण कार्टी आईच्या कडेवरून माझ्याकडे टक लावून बघतेय, गप्प. विचारलं होतं ना तिनं? आता थांबली होती, ताईंनी आम्हाला शिकवलं तश्शी.

काय करता? म्हटलं, ‘‘झालं गं बाई, झालं.’’