घोरण्याची कबुली

तुम्हाला म्हणून सांगतो, आयुष्यात एकदाच खरं बोललोय, तेही ऑपरेशनच्या आदल्या दिवशी. पित्ताशयात खडे झालेले. वजन एकशे अठ्ठावीस किलो, भूमच्या बाजारात खव्याच्या काट्यावर केलेलं.

भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काका, झोपेत घोरता का?"

"छे! अजिबात न्हाय."

शेजारी बायको नुसती हसली. पंचवीस वर्षांचं भांडण हाय आमचं.

बाईंनी दोन हत्यारं दाखवली. "श्वासाची नळी घालायला हे साधं पातं. आणि ह्याच्या टोकाला कॅमेरा. मान जाड, त्यात माणूस घोरणारा, तर साध्यानं वाट दिसणं अवघड. भूल दिल्यावर श्वास थांबतो, वाट शोधत बसायला वेळ नसतो, काका. आता खरं सांगा."

मी बायकोकडं न बघता बोललो, "घोरतो, बाई. लई घोरतो. येडशीच्या स्टेशनात झोपलो तर लोक गाडी आली म्हणून सामान उचलतात."

"मग कॅमेराच घेते," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी नळी पहिल्याच दमात गेली म्हणे. शुद्ध येत होती तेव्हा बायकोचा रडवेला आवाज कानावर आला, "बाई, ऐका की! घोरायलेत! म्हंजी बरे हायत."

मी डोळे न उघडताच म्हणालो, "मी घोरत न्हाय."