दार काढलेला फ्रीज

आमचा जुना फ्रीज घरातून निघाला, पण अंगणातून काही निघेना. हसू नका, आधी ऐका.

भंगारवाल्या सलीमभाईंनी कुरखेड्याहून बाबांना फोनवर बजावलं होतं, "भाऊ, फ्रीज उभाच ठेवजा, मागची नळी तोडू नका, तिच्यात गॅस असते. आन् दार आधी काढा. लहान पोरं खेळता खेळता आत बसतात, मंग आतून दार उघडत नाई."

बाबांनी अगदी तसंच केलं आणि स्वतःच दार काढलं म्हणून गल्लीभर सांगून आले.

सलीमभाईंचा टेम्पो यायला बरेच दिवस गेले. तो आला तेव्हा बाबा फ्रीज उचलायला वाकले, आणि आतून चोच बाहेर आली. भाजीच्या ट्रेमध्ये आमची कोंबडी अंड्यांवर बसली होती. खाली धानाची तणस, म्हणजे भाताचा पेंढा, नीट पसरलेली होती. ती काही कोंबडीनं पसरली नव्हती.

"अंडे टोपलीत ठेव न, काय होते?" बाबा हात चोळत आईला म्हणाले.

"आता कोंबडी हलवली तर ते पुन्हा बसनार नाई. एकही पिल्लू निघनार नाई," आई फ्रीजसमोर उभी राहिली. "आन् दार काढाले तुमाले कोनं सांगतलं होतं?"

बाबांनी सलीमभाईंकडे बोट दाखवलं.

सलीमभाईंनी वाकून आत पाहिलं. कोंबडीनं पिसं फुलवली. ते हळूच मागे सरले आणि टेम्पोत जाऊन बसले.

"बाळंतिणीले घराबाहेर कसं काढू, भाऊ? बारसं झालं का फोन करजा."