एकट्यानं निघणारी काच

...आणि वर हे मलाच म्हणतात, ‘अगं, यंत्रावर काय जळतेस!’ जळणार नाही तर काय ओवाळणार? तुम्हाला सांगते, बावीस वर्षं, बा-वी-स, आम्ही दोघं नवराबायको गाड्यांच्या काचा काढतोय. आता तुम्ही म्हणाल, त्यात काय मोठं, स्क्रू फिरवला की आली काच हातात. हं! अहो, गाडीची पुढची काच स्क्रूवर बसलेलीच नसते, चारी बाजूंनी काळ्या सिलंटनं चिकटवलेली असते, आणि ते सिलंट एकदा वाळलं की माझ्या सासूबाईंच्या मतासारखं... इकडचं तिकडे होत नाही! ते कापायला लागते तार. तारेचं एक टोक गाडीत बसून मी धरायचं, दुसरं बाहेर उभं राहून यांनी, दोन्हीकडे लाकडी मुठी. मी ओढायचं, यांनी सोडायचं. यांनी ओढायचं, मी सोडायचं. आणि मधे काच! अहो, यांनी माझ्या तोंडाकडे सलग अर्धा तास बघितलंय ते फक्त त्या काचेतून. घरी कोण बघतंय? घरात ताटाकडे बघून बोलतात. भांडण झालेलं असलं ना, त्या दिवशी काच दहा मिनिटं आधी निघायची, एवढ्या जोरात ओढायचे मी!

असा आमचा संसार सुरळीत चाललेला, आणि कुणीतरी यांच्या कानात भरवलं, आता तार जुनी झाली, दोरा ओढायची यंत्रं आली आहेत, एकट्यानं होतं म्हणे!

यंत्र विकायला पहिला आला तो टायवाला. दोन हातांनी पेटी उचलून, धापा टाकत. आतून काढलं भलंमोठं धूड, दोन चक्र्या, चार रबरी वाट्या. बोलणं कसं, तर बातम्या वाचल्यासारखं. ‘मॅडम, वाट्या आतून काचेला चिकटतात, दोरा काचेभोवती फिरवायचा, टोकं आत घ्यायची, चक्री फिरवली की दोरा सिलंट कापत येतो. आणि मुख्य म्हणजे, एकट्यानं होतं!’ मी म्हटलं, ‘मग दुसऱ्या माणसानं काय करायचं?’ तर म्हणतो, ‘दुसरा माणूस मोकळा!’ मोकळा! मी काय बावीस वर्षं कुणाला बांधून ठेवलं होतं?

पण तो परवडला हो. दुसऱ्या दिवशी आली ती, दुसऱ्या कंपनीचं यंत्र विकणारी. खांद्याला एक झोळी, झोळीत दुधाच्या पातेल्याएवढं यंत्र, एक चक्री, दोन वाट्या, बस्स. आमच्याकडे एक भंगारातली गाडी उभी असते, तिच्यात बसली, टोच्यानं सिलंटमध्ये भोक पाडलं, मासे धरायच्या दोऱ्यासारखा बारीक दोरा ओवला, चक्री फिरवायला लागली. कर्र... कर्र... कर्र... आणि तोंडानं चालूच, ‘दादा, यानं रंगावर ओरखडा नाही, डॅशबोर्डला धक्का नाही.’ आणि काच सुटली! केसाची बट हलली नाही बयेची! हे म्हणाले, ‘वा! काय हात आहे!’

काय... हात... आहे. मला बावीस वर्षांत काय ऐकायला मिळालं माहितीये? ‘जरा जोरात.’

दोघांनी आपापली यंत्रं आठ दिवस वापरून बघायला ठेवली. टायवाल्याचं धूड कोपऱ्यात, पोत्याखाली. आणि तिचं? तिचं फळीवर! माझ्या मऊ सुती ओढणीनं पुसायचे त्याला. अहो, हा माणूस स्वतःचा चष्मा शर्टाच्या टोकाला पुसतो! एक दिवस विचारतात, ‘कुठलं घ्यावं गं?’ मी म्हटलं, ‘ते मोठं.’ ‘का?’ ‘दोन चक्र्या आहेत, दुप्पट काम होईल.’ आता खरं कारण तुम्हाला सांगते, यांना नाही सांगितलं, ते मोठं इतकं जड होतं की ते गाडीत चढवायला दुसरं माणूस लागलं असतं. अन् दुसरं माणूस म्हणजे कोण? पण हे म्हणतात, ‘नाही गं, ती म्हणत होती की...’ ती म्हणत होती! आठ दिवसांत यांचं प्रत्येक तिसरं वाक्य तिथूनच सुरू! ‘ती म्हणत होती, हातानं फिरवलं की दोरा कुठे अडतोय ते कळतं. ती म्हणत होती, एकट्यानं होतं.’ मी म्हटलं, ‘मग राहा ना एकटे!’ तर म्हणतात, ‘कुठे?’ बघा!

आणि नेमके त्याच आठवड्यात आले हेडमास्तर. निवृत्त. त्यांची गाडी त्यांच्याहून थोडीशीच लहान. काचेच्या कडेखाली गंज धरलेला, म्हणजे काच अख्खी काढायची, पत्रा दुरुस्त करायचा, तीच काच परत लावायची. हेडमास्तर काचेवरून हात फिरवत म्हणाले, ‘ही फुटली तर दुसरी मिळायची नाही हो.’ मी यांच्याकडे बघत म्हटलं, ‘ऐका! ऐका नीट!’

मी तार आणली. मुठी पुसल्या. तर हे म्हणतात, ‘तार राहू दे, आज यानं काढतो,’ आणि ते पातेलं घेऊन बसले आत. एकटे! मी बाहेर, हात लोंबकळत. कर्र... कर्र... वरची बाजू सुटली. डावी सुटली. उजवी सुटली. माझा जीव खालीवर. आणि खालच्या कोपऱ्यात... टुंग! दोरा तुटला! खोटं का बोलू, मला इतका आनंद झाला, इतका आनंद झाला, की हेडमास्तरांच्या तोंडाकडे बघून मला मेलीला लाज वाटली. पळत जाऊन तार घेऊन येते, तर हे फोनवर! ‘हां, मॅडम... जरा येता का?’

बायको दोन हात अंतरावर उभी, आणि फोन तिला!

आली. पंधरा मिनिटांत! माझ्या सख्ख्या भावाला बोलावलं तर संध्याकाळ करतो. वाकून बघितलं न् म्हणाली, ‘दादा, आधीच्या कारागिरानं कोपऱ्यात सिलंट थापलंय नुसतं. कोरडा ओढू नका, साबणाचं पाणी मारा, आणि थोडं थोडं कापा.’ नवा दोरा ओवला, पाणी मारलं, हे हळूहळू चक्री फिरवतायत, मी पुटपुटतेय, हेडमास्तरांनी डोळे मिटलेले... सुटली. अख्खी सुटली!

आता काच उचलायची. दोन बाजूंनी वाट्या लावून, दोन माणसांनी. मी मनात म्हटलं, चला, हे काही एकट्यानं होत नाही! पुढे झाले, वाटी लावणार, तर हे ओरडले, ‘तू नको! मॅडम, तुम्ही धरा.’

तू नको! तुम्हाला सांगते, माझ्या डोळ्यांसमोर अंधारी आली. काच दोघांनी उचललेली, हवेत, आणि मी सुरू! ‘मी नको? बावीस वर्षं तार ओढली ती कुणी? हाताला घट्टे पडले ते कुणाच्या? आता मी नको, आणि ही काल आलेली...’ हेडमास्तर हात जोडून म्हणतायत, ‘बाई, आधी काच खाली, मग काय ते!’ यांची खाली मान. आणि ती काचेच्या पलीकडून काय म्हणाली? ‘अहो ताई, तुमच्या खांद्यासाठीच तर चाललंय ना हे सगळं? पहिल्याच दिवशी दादा म्हणाले, हिला हात वर करून केस बांधता येत नाहीत, कुशीवर झोपता येत नाही. बोलत काही नाही ती, पण तार ओढताना काचेतून दिसतं मला.’

काच खाली ठेवली. मी पण... खाली बसले. डोळ्यांत धूळ गेली होती जरा. जुन्या गाडीची धूळ फार वाईट.

खांदा दुखतो हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं हो. आईलासुद्धा नाही.

पण मग घरी आल्यावर माझं डोकं परत फिरलं. म्हणजे, माझ्याबद्दल एवढं बोलले, एवढं चांगलं बोलले, आणि बोलले कुणाशी? तिच्याशी! ते शब्द माझे होते! मी म्हटलं, ‘मला का नाही सांगितलंत?’ म्हणतात, ‘तू ऐकलं असतंस?’ नसतंच ऐकलं! पण सांगायचं असतं हो!

असो. घेतलं तेच, तिचंच. खांदा बरा आहे आता. केस बांधते, कुशीवर झोपते. कामाला हात लावू देत नाहीत. परवा एका गाडीत बसून हे चक्री फिरवत होते, मी आपली सवयीनं बाहेरून काचेसमोर जाऊन उभी राहिले. यांनी वर बघितलं. हात हलवला. मला बाई कसंतरीच झालं, मीही हलवला. त्यांनी परत हलवला, मी परत हलवला... शेवटी दार उघडून म्हणाले, ‘अगं, बाजूला हो, उजेड अडतोय.’

झाले बाजूला. काय करता!