मॅच झाल्यावर बोलू

मुलगी: मुंगूस? टीमचं नाव मुंगूस ठेवलंय?

बाबा: मग काय करतील बिचारे? लीगमध्ये पाच टीम आधीच आहेत. वाघ, सिंह, ससाणा, लांडगा, घोडा. चांगली जनावरं संपली. आपण शेवटी आलो, वाट्याला मुंगूस आलं.

मुलगी: आणि तुम्ही खुशीत आहात.

बाबा: अगं, इतकी वर्षं दुसऱ्यांच्या टीमसाठी टीव्हीसमोर बसून घसा कोरडा केला. आता आपल्या भागाची टीम आहे. झुरळ ठेवलं असतं तरी चाललं असतं. ते पत्र वाच.

मुलगी: सकाळपासून तीनदा वाचलंय.

बाबा: चौथ्यांदा वाच. मोठ्यानं.

मुलगी: ‘शुभारंभाच्या सामन्यासाठी अधिकृत गुणलेखक म्हणून आपली नेमणूक करण्यात येत आहे.’

बाबा: गुणलेखक! चौतीस वर्षं क्लबांच्या मॅचेसना स्कोअर लिहिला, तर पोरं ‘ओ वहीवाले’ म्हणून हाका मारायची. या मॅचला मी वहीवर आणि खोडरबर कॉम्प्युटरवर.

मुलगी: काकांना खोडरबर म्हणू नका हो. सत्तरीला आले ते.

बाबा: जन्मभर पेन्सिलीनं स्कोअर लिहिणाऱ्याला दुसरं काय म्हणू? कॉम्प्युटर त्यालाच बरा. पुसायची सोय असते.

मुलगी: कॉम्प्युटर असताना वही कशाला लागते पण?

बाबा: वीज जाते. वही कुठे जात नाही. आणि अंपायरला कॉम्प्युटर हात वर करून दाखवत नाही. तो खूण करतो आणि आमच्या खिडकीकडे बघत थांबतो. आम्ही हात वर केला की खूण पोचली. तोवर पुढचा बॉल नाही. अख्खं मैदान एका हातासाठी खोळंबतं.

मुलगी: माहीत आहे, बाबा.

बाबा: माहीत असणारच. अठराव्या वर्षी स्कोअररची परीक्षा पास झालेली पोरगी तू. ये ना त्या दिवशी. नुसती शेजारी बस.

मुलगी: नको.

बाबा: बावीस वर्षं झाली गं त्या गोष्टीला.

मुलगी: मला त्याबद्दलच बोलायचंय. त्या फायनलला काका तापानं पडले होते, म्हणून मी त्यांच्या जागी बसले, आणि…

बाबा: आणि लेगबायचा एक रन बॅट्समनच्या नावावर लागला. त्याची फुकटची फिफ्टी झाली. चूक माझी, असं मी कमिटीला लिहून दिलं. विषय संपला.

मुलगी: संपला कुठे? त्यानंतर बावीस वर्षं तुम्हाला एक मोठी मॅच दिली नाही त्यांनी.

बाबा: आता दिली ना? ते हिरवं पेन घे, शाई भर त्यात. प्रत्येक बॉलरला वेगळा रंग लागेल.

मुलगी: बाबा, मी काय म्हणतेय—

बाबा: मॅच झाल्यावर बोलू. निवांत. तू म्हणशील तितका वेळ.

मुलगी: नक्की?

बाबा: हा बघ, हात वर केला. पोचली तुझी खूण. आता शाई भर.

(अकरा दिवसांनंतर. मैदानावरची स्कोअररची खोली. दुपार.)

काका: ये. ती खुर्ची डुगडुगते, ही घे. आणि एवढी बिचकू नकोस, तुला कुणी मागच्या दारानं आणलेलं नाही. राखीव स्कोअरर म्हणून तुझं नाव आधीपासून यादीत आहे.

मुलगी: माझं नाव? कुणी दिलं?

काका: कोण देणार? पत्र आलं त्याच संध्याकाळी तुझं सर्टिफिकेट घेऊन माझ्या घरी हजर. म्हणाला, मला डुलकी लागली तर वही हिच्या हातात दे, तुझ्या नको.

मुलगी: मला काही बोलले नाहीत.

काका: आयत्या वेळी सांगणार होता. तू नाही म्हणायला नकोस म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी तुमच्याकडून फोन आला, तर मी उचलल्या उचलल्या म्हणालो, हो रे बाबा, वाचलं तुझं पत्र.

मुलगी: आणि फोनवर मी होते. बाबा रात्री गेले, हे सांगायला.

काका: तू होतीस. … पेनं आणलीस?

मुलगी: सगळी. शाई त्यांच्यासमोरच भरली होती.

काका: मग चल. टॉस झाला. मुंगसं मागून बॅटिंग करणार.

* * *

काका: दोन बॉल, तीन रन. घाईत माझ्याकडून भलतीच कळ दाबली जाईल.

मुलगी: डावा हात मांडीखाली घ्या. बाबा तसंच करायचे.

काका: तो घ्यायचा, आणि पाय हलवून टेबल हलवायचा. … मारला! कव्हरला मारला. पळा रे, पळा. दोन. दोनच मिळाले.

मुलगी: दोन. लिहिले. स्कोअर बरोबरीत. एक बॉल, एक रन. काका, खाली बसा.

काका: या वयात हे बघायला मिळतंय आणि बसू कसला?

मुलगी: तुमची पाठ बघायला आले नाही मी इथे.

काका: आला. चुकला! पॅडवर लागला, पळतायत, पळतायत… पोचला! जिंकलो गं! मुंगसं जिंकली!

मुलगी: काका, बाजूला व्हा. अंपायर दिसत नाहीत.

काका: मॅच संपली. आता अंपायर कशाला हवाय?

मुलगी: ते गुडघा उचलून त्याला हात लावून उभे आहेत. लेगबाय. सगळे मैदानात धावत सुटलेत, त्यांच्याकडे कुणाचंच लक्ष नाही. आपल्या खिडकीकडे बघत थांबलेत.

काका: मग कर हात वर.

मुलगी: केला. … बघितला त्यांनी. मान हलवली. या वेळी नीट बघून केलाय.

काका: या वेळी म्हणजे?

मुलगी: थांबा, आधी लिहू दे. बॅट्समनला काही नाही. बॉलरला डॉट. लेगबाय एक.

काका: माझ्याकडेही तेच. जुळलं.

मुलगी: जुळलं.

काका: आता बोल. बाहेर एवढा गोंगाट आहे, तुझं कुणाला ऐकू जायचं नाही.

मुलगी: बाबा म्हणाले होते, मॅच झाल्यावर बोलू.

काका: झाली की मॅच.

मुलगी: त्या फायनलला माझी मान वहीत होती. अंपायरनं काय खूण केली ते मी बघितलंच नव्हतं. बाबा, तो हात माझा होता.