मामांचा दोर

प्रस्तावना लिहायला मला सांगू नका रे. एकदा लिहिली, तेवढी पुरे.

दुष्काळात नेकनूरकडच्या आमच्या गावात दूध सोसायटीचे सचिव काशिनाथमामा रोज सकाळी गाठी मारलेला दोर विहिरीत सोडून पाणी मोजायचे. त्याच मापांवर मी शोधनिबंध लिहिला. प्रस्तावना मामांना वाचून दाखवली. पानभर नुसतं जगाचं हवामान.

मामा म्हणाले, "लई भारी हाय. पण आमी पाणी कावून मोजत होतो, ते यात न्हाई."

"मामा, प्रस्तावनेत तसलं लिहीत नसतात," मी म्हणालो.

सहा महिन्यांनी निबंध परत आला. तपासणाऱ्यांनी एवढंच विचारलं होतं, 'ही विहीर रोज का मोजत होते?'

मी तसाच गावी गेलतो. दोर खुंटीलाच होता. मामांना जाऊन महिना झालता.