एकवीस वर्षं आणि दोनच दात

…नाही, पण तुम्हीच सांगा ना, टीव्ही कुणाचा? माझा! भिंतीला भोकं कुणी पाडली? मी! सोफा कुणाच्या पाठीला बरा पडतो म्हणून घेतला? माझ्या! आणि त्या सोफ्यावर बसलंय कोण? आमचे सासरे मुंजाबामामा, मांडी घालून, डोक्याला पटका, शेजारी काठी, हातात रिमोट… आणि बघतायत काय म्हणाल? कीर्तन? नाही. बातम्या? नाही. कार्टून! तेही लेकराबाळांचं नाही बरं का, तुम्हाला सांगतो, मोठ्या माणसांचं, परदेशी, ज्यात बाप दारू पितो, आई शिव्या देते आणि सगळं हिंदीत बोलतात ते! मी शेंद्र्याच्या कंपनीतून पहिली पाळी करून साडेतीनला घरी येतो, अंग आंबलेलं असतं, वाटतं जरा मॅच लावावी, तर मामा मान न वळवता म्हणतात, "जावईबापू, ह्या लेकराकडं बघा जरा. एकवीस वर्षं झाली. आन् दात दोनच."

आता हे दात कसले ते सांगतो, पण त्याआधी मामा सांगायला पाहिजेत, नाहीतर तुम्हाला वाटेल म्हातारा चळलाय. चळलेला नाही! करमाडचा मेंढका माणूस. शंभरावर मेंढरं, बापाकडून आलेली, बापाला त्याच्या बापाकडून, एकाच खांडाची, म्हणजे कळपाची, पैदास. आणि पारख अशी की चार गावांतली माणसं जनावर घ्यायला निघाली की मामांना सोबत न्यायची. मामा काय करायचे? ओठ वर करायचा, दात बघायचे, वय सांगायचं. दुधाचे दात म्हणजे आदत, मग दोनदाती, चारदाती, सहादाती, मग सगळे दात आले की जुळलं. विकणारा काहीही बोलू दे, दात काय ते खरं बोलणार. मला बघायला आले होते ना लग्नाआधी, तेव्हा माझ्या तोंडाकडं टक लावून बघत बसले, मला वाटलं किती मायाळू माणूस, कसा चेहरा न्याहाळतोय… वर्षभरानं रत्नमालानं सांगितलं, काय न्याहाळत होते ते.

तर एकोणीसचा उन्हाळा. आठवतोय ना? करमाडला माणसांनाच टँकर पुरेना, मेंढरांना कुठून? आणि रान म्हणाल तर जिथं मामांची मेंढरं चरायची तिथं प्लॉट पडलेले, गोदामं उठलेली, तारेचं कुंपण, नव्या रस्त्याच्या मातीचे ढीग. काही मेंढरं बसली ती उठलीच नाहीत. उरलेली मामांनी स्वतः हाकत छावणीच्या जनावरांच्या बाजारात नेली, विकली, आणि रिकामी काठी घेऊन मुकुंदवाडीला आमच्या दारात उभे राहिले, मागं बानाबाईमामी बोचकं घेऊन. मी म्हटलं, या मामा, बसा. बसले. आणि जे बसले ते अकरा दिवस बोललेच नाहीत. चहा दिला, प्यायले. ताट वाढलं, जेवले. शब्द नाही! रत्नमाला स्वयंपाकघरात डोळे पुसायची. मामी म्हणाल्या, करमाड सोडताना एकच बोलले होते, की तीन पिढ्यांचं खांड माझ्या हातानं मोडलं. आणि त्यावर मामींनी हळूच सांगितलं, "त्यायला वाटतंय, त्यायलाच राखता आलं नाय."  मी आपला टीव्हीचा आवाज कमी केला.

त्याच दिवसांत आमच्या श्रेयाचं निघालं. श्रेया म्हणजे माझी पोरगी, नुकतीच पदवी झालेली, पुण्याच्या एका कंपनीत नोकरीला अर्ज केलेला. ही कंपनी काय करते? परदेशी मालिका विकत घ्यायच्या की नाही ते चॅनेलवाल्यांना सांगते. असाही धंदा असतो! तर त्यांनी परीक्षा म्हणून दोन जुनी कार्टून दिली. एक लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याच्या घरचं, एकवीस वर्षं चाललेलं. दुसरं लाँड्रीत काम करणाऱ्या चौघांचं, सतरा वर्षं. महिन्याभरात लिहून द्यायचं, की कोणतं कुठपर्यंत चांगलं आहे, कुठं बिघडलं आणि का बिघडलं. चांगलं लिहिलं तर नोकरी. दोन्ही मिळून साडेसातशेच्या वर भाग, तुम्हाला सांगतो! मी म्हटलं, बाई, मधले मधले बघ आणि लिहून टाक, कोण विचारतंय.

आणि बाराव्या दिवशी दुपारी, पोरगी लिफ्टवाला बघत बसलेली, मी वर्तमानपत्रात डोकं घातलेलं, तेवढ्यात सोफ्यावरून आवाज आला, "हे बारकं दोनदाती दिसतंय." सगळं घर थांबलं. रत्नमाला लाटणं हातात घेऊन बाहेर आली. मामा बोलले! लिफ्टवाल्याचं धाकटं पोर असतं, रांगतं, निळ्या टोपीचं, खाली दोन दात. श्रेया म्हणाली, हो आबा, दोनच आहेत. मामांनी विचारलं हे कधीचं, ती म्हणाली पहिल्या वर्षाचं, मी जन्मले त्या साली सुरू झालंय. मामा म्हणाले, दहाव्या सालातलं लाव. लावलं. दोन दात! विसाव्या सालातलं लाव. लावलं. दोन दात! मामा उठून टीव्हीपाशी गेले, पडद्यावर अंगठा ठेवून त्या पोराचा ओठ वर करायला बघितला, तुम्हाला सांगतो, आणि तसेच उभे राहिले. "आमची श्रेया एवढी झाली," म्हणाले, "आन् हे अजून दोनदाती. न म्हातारं होत, न मरत. कुणी राखलं असंल हे खांड?" एकवीस वर्षं, आणि दात दोनच! काय राग नाही, काय चेष्टा नाही, निव्वळ अचंबा. असा चेहरा मी मामांचा त्यांच्या घराण्याच्या बिरोबापुढं बघितला होता फक्त.

झालं! तिथून पुढं माझा टीव्ही गेला. मधले मधले भाग बघायचं नाव काढलं तर मामा म्हणायचे, खांड पारखायचं तर एकेक मेंढरू डोळ्याखालून गेलं पाहिजे. म्हणजे सगळे भाग! पहिल्यापासून! सकाळी अंघोळ करून जे बसायचे ते दिवे लागेपर्यंत. आणि त्यात प्रसंग कसले कसले, काय सांगू तुम्हाला… लिफ्टवाला मधेच बायकोचा मुका घेतो. घरात सासू, सासरा, बायको, पोरगी आणि मी, आता मी बघू कुठं? मी पंख्याची पाती मोजायचो. तीन आहेत. मामा मात्र शांतपणे बघायचे आणि म्हणायचे, बरं हाय, जोडी टिकली. मामींचं वेगळंच. त्या म्हणायच्या, बाई लई गुणाची दिसती, एकवीस वर्षं तोच हिरवा झगा, एकदा सुदिक नवा मागितला नाय. आणि माझ्याकडं बघायच्या. मी काय केलं होतं?

बरं, आमच्याकडं नळाला पाणी आठव्या दिवशी. पाणी आलं की हंडे, बादल्या, टाक्या, सगळ्यांनी पळायचं. मामा तेव्हा रिमोटचं ते थांबवायचं बटण दाबायचे. लिफ्टवाला एक पाय हवेत धरून अर्धा तास तसाच! मामा बादली भरता भरता वळून बघायचे. हे लई भारी यंत्र हाय म्हणायचे, खांड जागच्या जागी उभं राहतंय, कुत्रं लागत नाय. आणि पुन्हा ते पोर दिसलं की तेच, एकवीस वर्षं, आणि दात दोनच!

आणि मग तो दहाव्या सालाचा तिसरा भाग. मी हे विसरणार नाही. सगळं नेहमीसारखं, तेच घर, तोच हिरवा झगा, तेच आवाज. मी हसत होतो. मामा एकदम ताठ झाले, काठी उचलली आणि म्हणाले, "थांबव. राखणारा बदललाय." श्रेयानं थांबवलं. मी म्हटलं मामा, कोण राखणारा, कार्टून आहे ते. मामा माझ्याकडं बघेचनात. श्रेयाला सांगायला लागले, की नवा मेंढका आला की मेंढरं चरत नाहीत, मान वर करतात आणि माणसाकडं बघत राहतात. आजवर ही घरची माणसं आपापलं करत होती, लिफ्टवाला पडला की बायको आधी त्याच्याकडं बघायची, मग हसायची. आता बघ, पडला की सगळी आपल्याकडं बघायलीत, हसला का, हसला का म्हणून. श्रेयानं मोबाइलवर शोधलं. अहो, खरं! नवव्या वर्षानंतर लिहिणारा सोडून गेलेला, दहाव्यापासून दुसरी मंडळी! इंग्रजी नाही, अक्षरओळख नाही, जन्मात कार्टून बघितलेलं नाही, आणि सातासमुद्रापलीकडच्या लेखकानं नोकरी सोडलेली हा माणूस मुकुंदवाडीत सोफ्यावर बसून ओळखतो! माझ्या हातातला चहा गार झाला.

आता दुसरं, लाँड्रीवालं. बारा वर्षं झकास. मामा पोट धरून हसले, मामांना हसताना बघून रत्नमाला रडली, असं सगळं. आणि तेराव्यापासून पाणचट. चौदावं त्याहून. श्रेयानं लिहूनही टाकलं, की इथंही लेखक बदलला. मामा म्हणाले, नाय. श्रेयानं बघितलं तर खरंच नाही, सतराही वर्षं एकच बाई लिहितेय. मग बिघडलं का? श्रेयानं विचारलं, आबा, का? मामांनी उत्तरच दिलं नाही. सोळावं साल बघितलं, सतरावं बघितलं, आणि गप्प. रिमोट खाली ठेवला. पहिल्यासारखे गप्प! दुसऱ्या दिवशी चार वाजेपर्यंत लिहून पाठवायचं होतं. पोरगी कोरा पडदा घेऊन बसलेली, रत्नमाला माझ्याकडं बघतेय जणू मीच ते कार्टून बिघडवलंय, आणि मला एकच धास्ती, की नोकरी राहू दे, पण हा माणूस पुन्हा त्या अकरा दिवसांत गेला तर त्याला बाहेर कोण काढणार?

दुसऱ्या दिवशी साडेतीन वाजले असतील. मी नुकताच आलेलो, बूटसुद्धा काढले नव्हते. मामी खाली बसून बाजरी निवडत होत्या. मामा एकदम बोलायला लागले, हळू, टीव्हीकडंच बघत. "ह्या लिहिणारीची मेंढरं आपल्याकडं बघत नायत, माय. मान खालीच हाय त्यांची. चरायलाच बघायलीत. पण खाली काय नाय. तेच चार बांध, तीच बाभळ, रोज तिथंच. ती तरी कुठं नेईल? हात तोच हाय तिचा. जीव बी तेवढाच लावलाय. रान संपलं, त्याला राखणारी काय करील?"

 मामी बाजरीतला खडा बाजूला टाकत, मान वर न करता म्हणाल्या, "हेच मी कवापासून सांगायलेय तुमाला."

मामा मामींकडं बघत राहिले.  मग पटक्याचं टोक घेतलं आणि डोळ्याला लावलं, आणि तुम्हाला सांगतो, मी शेंद्र्याच्या कंपनीत वीस वर्षं काढलेला माणूस, पण बुटाची नाडी सोडायला खाली वाकलो आणि बराच वेळ वाकूनच राहिलो. मामा श्रेयाला म्हणाले, "लिही. राखणारीचा कसूर नाय, असं लिही. आधी तेच लिही."

तिनं तेच आधी लिहिलं. चारला पाच कमी असताना पाठवलं. आठवड्यानं पुण्याहून फोन, की मेंढरं आपल्याकडं बघतात हे तुम्हाला कुणी शिकवलं? नोकरी लागली! घरबसल्या काम, पुण्याला जायची गरज नाही. मामा करमाडच्या माणसांशी फोनवर बोलायला लागले, आपली मेंढरं कुणी घेतली, बरी आहेत का, विचारायला लागले. सगळं चांगलं झालं, मी कुठं नाही म्हणतोय? मला आनंदच आहे! पण कंपनीनं श्रेयाला पहिलंच काम काय पाठवलं? कार्टून. अठ्ठावीस वर्षं चाललेलं! म्हणजे माझी मॅच…

असो. परवा भाकरी खाताना माझा दात तुटला. मी गुपचूप उठत होतो, तेवढ्यात सोफ्यावरून आवाज आला, या इकडं. गेलो. सासऱ्याला नाही कसं म्हणणार? मामांनी अंगठ्यानं माझा ओठ वर केला, तेवीस वर्षांपूर्वी नुसतं दुरून बघितलं होतं, आता जवळून बघितलं, सावकाश, मागच्या दाढांपर्यंत. रत्नमालानं विचारलं, आबा, काय म्हणताय? मामांनी ओठ सोडला, बोट धोतराला पुसलं आणि म्हणाले, "राखणारी तीच हाय. रान बी बरं हाय. मेंढरूच जुनं झालंय, बाई." आणि पुन्हा टीव्हीकडं वळले. मामांनी पुन्हा लावलेल्या लिफ्टवाल्याच्या कार्टूनमधलं ते निळ्या टोपीचं पोर हसत होतं. एकवीस वर्षं, आणि दात दोनच! आमच्या लग्नाची तेवीस, आणि दात एकतीस राहिले. आता काय करणार… मी सतरंजी ओढली, खाली बसलो आणि म्हणालो, मामा, काठी जरा बाजूला घ्या, मला दिसत नाही.